धाकटीचा शुक्रवार

ताई शाळेत गाणं शिकवतात आणि त्यांची धाकटी बहीण त्याच शाळेत गणित. इथपर्यंत ठीक होतं. पण धाकटी दर शुक्रवारी संध्याकाळी एका हॉटेलात जॅझ गाते आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. ताईंच्या तासालाही मुलं उभी राहतात, पण ती घंटा झाली म्हणून.

शुक्रवारी गळा राखायचा म्हणून धाकटी वर्गात कुजबुजत शिकवते. ऐकू यावं म्हणून पोरं श्वास रोखून बसतात. शेजारच्या वर्गात ताई "गप्प बसा" एवढ्यावरच आवाज बसवून घेतात.

त्यात मुख्याध्यापकांनी ठरवलं, वार्षिक कार्यक्रमात धाकटी पुढं गाईल आणि ताई मुलांना घेऊन मागं साथ देतील. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आधी ऐकते, मग सांगते, शाळेला शोभतं का ते," म्हणाल्या आणि शुक्रवारी हॉटेलात पुढच्याच टेबलावर जाऊन बसल्या. चुका काढायला.

धाकटी शब्द अर्ध्यात सोडत होती, मनाला येईल तिकडे सूर नेत होती. ताई मनातल्या मनात लाल शेरे मारत होत्या. मध्येच धाकटी थांबे, तळहात पियानोवाल्याकडे करी. मग तो एकटाच वाजवी. मग ड्रमवाला. मग थट्टेनं तिनं तळहात ताईंकडे केला.

शाळेत या खुणेचा अर्थ एकच: ऊठ, उत्तर दे. जन्मभर मुलांना तसंच उठवलेलं, ते अंगात भिनलेलं. ताई ताडकन उभ्या राहिल्या!

सगळं हॉटेल बघत होतं, पियानो थांबायला तयार नव्हता. आता खाली बसणं म्हणजे नाक कापून घेणं. ताईंनी डोळे मिटले आणि त्याच चालीवर आकार लावला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात धाकटीच्या.

"ताई, काय गायलीस गं!" घरी जाताना धाकटी म्हणाली.

"एवढ्या मोठ्या मनानं बोलू नकोस. त्रास होतो मला."

"अगं, खरंच!"

"तेच तर! आणि ते शब्द मध्येच सोडतेस, ते कसं जमतं?"

"सुचेल तसं."

"बघा! सुचतं म्हणे हिला!"

सोमवारी ताई मुख्याध्यापकांकडे गेल्या. "शोभतं. पण एक बहीण पुढं, एक मागं, हे चालणार नाही. दोन माईक लावा." दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "आणि माझ्या माईकचा आवाज थोडा जास्त ठेवा."