वाकटीचं झाड

दुसऱ्याच्या झाडांवर आमच्या समोरच्या दारातल्या मावशींइतका हक्क सांगणारं माणूस डहाणूपासून विरारपर्यंत शोधून सापडायचं नाही. आम्ही मूळचे सांगलीकडचे, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी बोईसरला आलो. मावशी एडवणच्या, सगळा जन्म मासळी वाळवण्यात गेलेला, आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. मी रोज कोळगावला कचेरीत जाते म्हणून घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवली, ही माझी चूक. किल्लीबरोबर माझ्या डझनभर कुंड्यांचा ताबाही आपल्याला मिळाला, अशी त्यांनी समजूत करून घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी एकेका झाडाची झडती घेतली. "ह्याला फळ लागते? नाय. देवाला चालते? नाय. मंग पाळलाय कशाला, बाय?" तुळस तेवढी पास झाली. बाकीच्यांनी घरातली हवा शुद्ध होते असं मी म्हटलं, तर त्यांनी गॅलरीतून तारापूरच्या धुरांड्यांकडे नुसती मान वळवली.

नापास झाडांना त्यांनी तसंच सोडलं असतं तरी चाललं असतं. त्या त्यांना खाऊ घालायला लागल्या. कोलंबी धुतलेलं पाणी, आणि तेही हॉलमधल्या माझ्या मनी प्लांटला. उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे संपले, जिन्यातली मांजरं आमच्या दारात मुक्कामाला आली, आणि माळकरी सासूबाई पाहुण्या म्हणून आल्या तेव्हा नाकाला पदर लावून त्यांनी विचारलं, "इथं काही मेलंय का?" मी मावशींना जाब विचारला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुज्याकडं उपाशी व्हता तो. आता बघ, कसा अंगानं भरलाय." आणि संताप याचाच, की तो खरोखर भरला होता. मी नर्सरीतलं खत चमच्याने मोजून घालत होते तेव्हा जेमतेम चार पानं दाखवणारा तो कृतघ्न वेल आता पडद्याच्या दांडीवर चढून बसला होता.

एका झाडाला मात्र कोणी हात लावू नये असं मला मनापासून वाटे. तो स्नेक प्लांट माझ्या मुलीचा. पुण्याला हॉस्टेलवर जाताना "आई, हे जगव" एवढंच सांगून ती गेली, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी झाड बघणार, मग मला. मावशींनी त्याचं नाव ठेवलं 'वाकटी'. वाकटी म्हणजे तो पट्ट्यासारखा लांब, चपटा मासा. पानं अगदी तशीच आहेत, हे मलाही नाकारता येईना. पण नुसतं नाव ठेवून थांबल्या तर त्या मावशी कसल्या.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी घरी आले, तर कुंडी रिकामी. मी गच्चीवर धावले. तिथे जुन्या लुगड्यावर खऱ्या वाकट्या ओळीने वाळत पडल्या होत्या, आणि त्याच ओळीत पुढे, मुळं धुऊन, पान न् पान सुटं करून, माझ्या मुलीचं झाड. बाजूला मावशी काठी घेऊन राखणीला बसलेल्या.

"कावळ्याला शिवू दिला नाय," त्या अभिमानाने म्हणाल्या. "वली व्हती, बाय. वलं ठेवलं का कुजते. म्हनून ऊन दाखवला."

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. झाड म्हणजे मासळी नव्हे, हे बोलले; दुसऱ्याच्या घरात शिरून उचकापाचक करायला लाज वाटत नाही का, हेही बोलले. मावशींनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि वाकट्या गोळा करायला लागल्या.

मी झाड पुन्हा कुंडीत खोचलं, पण चार दिवसांत पानं आडवी झाली. रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा दार उघडंच होतं, आणि तिचा आवाज ऐकून मावशी उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"झाड दाखव ना, आई."

मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात मावशी आत आल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करून फोनसमोर वाकल्या. "तुजा झाड माज्या हातनं गेला, पोरी. मी उनात घातला. आयला काय बोलू नको."

मुलगी म्हणाली, "असू दे हो मावशी." मी मात्र गप्प राहिले. त्या झाडाला आठवड्यातून एकदा पाणी पुरतं, आणि मी रोज घालत होते. सकाळी निघताना, कचेरीतून आल्यावर, शिवाय पोरीची आठवण आली की उठून आणखी तांब्याभर. पानांची बुडं मऊ पडत चालली होती, ते मला दिसत होतं. कॉलवर मी कुंडीची बरी बाजू पुढे धरत असे. मावशींचा राग मला अजूनही येतो, पण आता निराळ्या कारणाने. मुळं त्यांनी स्वतःच्या हातांनी मातीतून सोडवली होती. ती काळी पडून कुजली आहेत आणि कोणी कुजवली आहेत, हे त्यांना गच्चीवर चढायच्या आधीच कळलं होतं.