राणीच्या डोक्यावरची काडी

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवसांत आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक असलं की सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. म्हणून चामोर्शीकडच्या एका गावच्या मंडई समितीच्या अध्यक्षांनी मला बजावलं होतं, "भाऊ, जुनीच कथा पाहिजे. लेकींनी लहानपणी पाह्यली, तशीच. नवे कुटाणे नाई." दिलेल्या शब्दासाठी बायकोला बाजारात विकायला उभं करणाऱ्या राजाची ती कथा. नाटक मंडळी माझी, लिखाण माझं, सौदाही मीच करतो. मी शब्द दिला.

तालमीत आमची राणी अडून बसली. बारा वर्षं ती ही भूमिका करत होती. विकायला काढलेल्या माणसाच्या डोक्यावर गवताची काडी ठेवायची जुनी रीत. ती काडी घेऊन ती खाली मान घालून उभी राहायची. त्या दुपारी तिनं काडी माझ्यासमोर टाकली.

"राजा बोलते, गिऱ्हाईक बोलते. मीच काऊन मुकी?"

"मी गावाले शब्द देऊन आलो, बाई."

"वा! तुमीच राजा झाले का भाऊ? शब्द तुमचा अन् बाजारात उभी राहू मी?"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "जमत नसल तर बस पकडा अन् घरी जा!" मी ओरडलो.

ती खरंच पिशवी भरायला लागली. "जातो. दुसरी राणी आणाल, तिलेबी विचारू नका."

माझ्या लहानपणी धानोऱ्याच्या आठवडी बाजारात आई मोहफुलं घेऊन बसायची. व्यापारी भाव स्वतःच सांगायचा, माप स्वतःच भरायचा. आई बोलायची नाही, ढिगावर फक्त दोन्ही तळवे ठेवायची. तो ते बाजूला सारायचा. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. घासाघीस करायला मी त्याच रागातून शिकलो. आणि त्या दुपारी तळवे सारणारा मीच होतो.

माफी मागणं मला जमत नाही. मी एवढंच विचारलं, "काय बोलाल?"

तिनं एकच वाक्य सांगितलं. ते लिहून घेतलं आणि अध्यक्षांचं घर गाठलं.

"शब्द दिला होता ना भाऊ?"

"दिला होता. म्हणूनच मोडायच्या आधी विचाराले आलो." मी तिचं वाक्य वाचून दाखवलं.

"राणी विकली नाई गेली, तं कथा कुठी राह्यली?"

आमची ओढाताण चालली होती. चुलीपाशी वडे तळणारी त्यांची मोठी लेक तिथूनच म्हणाली, "बोलू द्या ना बाबा तिले. लग्नात तुमी मले कुठी विचारलं होतं?"

"तू चहा आण!" अध्यक्ष खेकसले. तिनं आणलेला चहा त्यांनी संपवला. मग म्हणाले, "बोलू दे. पन काडी परत डोक्यावर गेली पाहिजे."

"जाईल. पण ती स्वतःच्या हातानं ठेवल."

"चालते."

प्रयोगात राणीनं काडी काढून तळहातावर धरली. "मला विचारल्याशिवाय माझी बोली लागणार नाही," ती म्हणाली. गिऱ्हाईक झालेला नट खरोखरच गांगरला. त्यानं विचारलं, तेव्हा तिनं होकार दिला आणि काडी परत डोक्यावर ठेवली.

मी पडद्याआडून पाहत होतो. बायांच्या बाजूला अध्यक्षांची मोठी लेक उभी राहिली होती. मागच्या बाया ओरडत होत्या, "बस ना वं, दिसून नाई राह्यलं!"

ती बसली नाही.