इंजिनाला कान लावणारे मिस्त्री

आष्ट्याच्या त्या मिस्त्रींचं नाव मी कधी विचारलंच नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि गाडीचं दुखणं सांगायचं, ही त्यांची रीत. तिची नक्कल करून मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत टाळ्या घेतल्या आहेत.

गेल्या महिन्यात वडिलांची फियाट आणि माझी जुनी मारुती, दोन्ही त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी काडी टाकली, "मिस्त्री, दोघींत भारी कोण?"

"आवं, फियाट जरा दुखलं की बोंबलती. मारुती सोसत ऱ्हाती, सांगत न्हाई. तिचं लय ध्यान देऊन ऐकावं लागतं."

दणदणणारी फियाट ऐकून झाली. ती बंद केली आणि माझ्या अंगात आलं. मारुतीत बसून मी किल्ली फिरवल्याचं नुसतं नाटक केलं. मिस्त्रींनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं, मान डोलावली.

"झ्याक चाललीया."

मी खदाखदा हसत बाहेर आलो आणि किल्ली त्यांच्या डोळ्यांसमोर नाचवली. "अहो, चालूच केली नव्हती!"

ते रागावले नाहीत. फडक्यानं स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले.

"आन् मगाची फियाट?" त्यांनी विचारलं. "ती तरी चालू हुती न्हवं?"

"होती की."

ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. म्हणून मी पुन्हा, सावकाश म्हणालो, "होती."