पोपटवाली माणसं

गाई-म्हशींचे किस्से फारसे साठत नाहीत. म्हैस येते, कासेला सूज असते, औषध द्यायचं, म्हैस जाते. पोपटाचं तसं नाही. परभणीत माझा जनावरांचा दवाखाना सुरू होऊन बरीच वर्षं झाली. कुत्री येतात, मांजरं येतात, शेळ्या येतात. पण घरी गेल्यावर कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही असं काही घडलं, तर ते बहुतेक पोपटाचंच असतं. बरं, पोपट स्वतः काही करत नाही. दांडीवर बसतो, पेरू खातो. करतात ती त्याची माणसं!

दवाखान्यात आम्ही दोघंच. मी डॉक्टर आणि गफूरभाई कंपाउंडर. गफूरभाई पेशंट धरतात, ड्रेसिंग करतात, नंबर पुकारतात आणि आलेल्या माणसांबद्दल मत बनवतात. पोपटवाल्यांबद्दल त्यांचं मत पहिल्या महिन्यातच बनलं होतं.

"म्याडम, म्हैसवाला म्हशीसाठी येतो. पोपटवाला सोतासाठी येतो."

मी म्हटलं, "असं पेशंटसमोर बोलू नका."

"पेशंटला म्हाईतच हाय," गफूरभाई म्हणाले.

•

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आपल्याकडचा हिरवा पोपट घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे. मी हे येईल त्याला सांगते. येईल त्याला ते माहीत असतं. म्हणूनच पिंजऱ्यावर टॉवेल टाकून येतात आणि नाव लिहायची वेळ आली की म्हणतात, "आमचा न्हाई म्याडम, शेजाऱ्यांचा हाय. ते गावाला गेलेत." सुरुवातीला मला वाटायचं, परभणीत शेजारधर्म काय चांगला पाळतात लोक!

एका सकाळी एक बाई आल्या. पोपटाची चोच वाढून आत वळली होती, खाता येत नव्हतं. "शेजारच्या काकूंचा आहे," म्हणाल्या. मी चोच घासून दिली. पिंजऱ्यावर टॉवेल टाकून त्या निघाल्या, तोच दुसऱ्या बाई आत आल्या. हातात पिंजरा, वर टॉवेल. "शेजारच्या ताईंचा आहे हो, त्या गावाला गेल्यात म्हणून..."

आणि दोघी दारातच थबकल्या. कारण दोघी एकमेकींच्या शेजारी!

गफूरभाईंनी दोन्ही टॉवेलांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मंग आता इथंच बदलून घ्या की. ज्याचा त्याला!"

दोघींनी आपापला पिंजरा असा काही छातीशी धरला की आतले दोन्ही पोपट एकदम ओरडले.

•

एका कुटुंबाचा पिंट्या नावाचा पोपट पंख मोडला म्हणून आठ दिवस दवाखान्यात होता. त्याचा पिंजरा गफूरभाईंच्या टेबलाशेजारी. पंख जुळला, पिंट्या घरी गेला. पंधरा दिवसांनी त्या घरच्या वहिनी एकट्याच आल्या. मला वाटलं, पंखाचं काही बिघडलं.

"पंख चांगला आहे. पण तो काहीतरी शिकून आलाय इथून."

"काय?"

"पाहुणे येतात, बसतात, गप्पा रंगात येतात, अन् हा एकदम मोठ्यांदा म्हणतो, 'हां, झालं का? चला, पुढचा!'"

गफूरभाई औषधाच्या कपाटात तोंड घालून काहीतरी शोधायला लागले. मी म्हटलं, "विसरेल हळूहळू. तुम्ही दुसरं काहीतरी सारखं बोलत राहा त्याच्यासमोर."

"अहो, त्याला विसरवायला नाही आले," वहिनी म्हणाल्या. "माझ्या सासरचे लोक येऊन पहिल्यांदाच वेळेत परत गेले. विसरणार नाही ना, एवढंच विचारायला आले!"

•

जिंतूरहून एक निवृत्त सर आले होते. आयुष्यभर गणित शिकवलेलं, बोलणं अगदी मोजकं. पोपटाला टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "खोकला. आठ दिवसांपासून. पहाटे जास्त."

मी तपासलं. छाती साफ, नाकपुड्या कोरड्या, वजन चांगलं. डोळे तर असे चमकत होते की त्यानंच माझी तपासणी चालवली होती. मी म्हणणार होते की खोकला कुठेच दिसत नाही, तेवढ्यात पोपट खोकला.

तीनदा. ओला, खोल, बाईमाणसाचा खोकला. मग जरा थांबून म्हणाला, "आई गं."

मी विचारलं, "सर, घरात कुणाला खोकला आहे का?"

"घरात मी एकटाच."

"आधी?"

सर पिंजऱ्याच्या कडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मिसेसना होता. दोन वर्षं. वैशाखात गेल्या."

"मग हा आत्ताच का खोकायला लागला?"

"त्याची जागा बदलली मी. ओसरीवर मांजर यायला लागलं, म्हणून तिच्या खोलीत टांगला. आठ दिवस झाले."

मी त्यांना समजावून सांगितलं. त्याला आजार नाही, तो नक्कल करतोय. पिंजरा परत बाहेर न्या, रेडिओ लावा, दुसरं काहीतरी शिकवा. महिना-दोन महिन्यांत हे विसरून जाईल.

सरांनी लिहून घ्यायला डायरी उघडली होती, पेनाचं टोपण काढलं होतं. ते टोपण त्यांनी परत लावलं.

"नको," म्हणाले. "खोकू दे."

ते गेल्यावर गफूरभाईंनी बराच वेळ नंबरच पुकारला नाही. बाहेरून एकानं आत डोकावून विचारलं, "डॉक्टर हायत ना?" तेव्हा कुठे ते उठले.

•

सगळेच पोपट वाचत नाहीत. एवढासा जीव, शेवटपर्यंत आजार दाखवत नाही. पिसं फुगवून बसला, म्हणजे आधीच उशीर झालेला असतो.

एका शाळेतले क्लार्क होते, वैद्य नावाचे. त्यांचा बंड्या माझ्याकडेच गेला. बारा वर्षांचा होता. वैद्य त्याला रुमालात गुंडाळून घेऊन गेले. नंतर काय झालं ते त्यांनीच एकदा येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत एक दिवसाच्या रजेचा अर्ज पाठवला. कारण लिहिलं, 'घरी दुःखद निधन.' मुख्याध्यापिका बाई एकदम कडक. त्यांनी लगेच फोन लावला.

"वैद्य, कोण गेलं? आई बऱ्या आहेत ना?"

"आई बरी आहे म्याडम."

"मग कोण?"

वैद्य म्हणतात, "मला खोटं बोलता आलं असतं. चुलत आजोबा म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावंसं वाटेना." त्यांनी सांगून टाकलं, "आमचा बंड्या. पोपट."

बाई म्हणाल्या, "शाळेत आल्यावर बोलू," आणि फोन ठेवला.

पूर्ण स्टाफरूममध्ये बातमी पसरली. कुणी हसलं, कुणी म्हणालं आता चिमणी मेली तरी सुट्टी मागायची का! वैद्यांना हे सगळं फोनवर कळत होतं. दुपारी दारात रिक्षा थांबली. मुख्याध्यापिका बाई उतरल्या, मागून शिपाई राठोडमामा. बाईंच्या हातात डबा. आपल्याकडे माणूस गेला की त्या घरी चूल पेटत नाही, बाहेरून भाकरी येते. डब्यात पिठलं-भाकरी होती.

वैद्यांच्या बायकोनं डबा घेतला. बाई आत येऊन बसल्या. रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत म्हणाल्या, "वैद्य, रजा मंजूर आहे. फक्त अर्जात नातं लिहायचं राहिलंय. तेवढं लिहून पाठवा."

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"काय लिहिणार म्याडम," वैद्य म्हणाले. "'घरातला' असं लिहिलं."

•

पिंगळीच्या लतामावशींचा मिठू मेला नाही, उडून गेला. पिंजरा धुताना दार उघडं राहिलं. मावशींनी गाव पालथं घातलं. स्टेशनवर जाऊन तिकीटवाल्याला सांगितलं, पोपट दिसला तर कळवा! तो म्हणाला, "मावशी, कोणत्या गाडीनं गेलाय?" मावशी दोन महिने त्याच्याशी बोलल्या नाहीत.

माझ्याकडे रडतच आल्या. "मेला असता तर माती दिली असती. आता काय करू? जेवायला बसले की वाटतं, त्यानं काही खाल्लं असंल का?"

खरं सांगायचं तर माझ्याकडे याला औषध नव्हतं. मी म्हटलं, गच्चीवर दाणे ठेवा, पाणी ठेवा. पिंजरा ठेवा, पण दार उघडं ठेवा. आलाच तर कळेल.

पुढे सहा-सात महिन्यांनी मावशी बाजारात भेटल्या. डोक्यावर पदर, पिशवीत शेंगदाणे, हे एवढे!

"मावशी, आला का मिठू?"

"आता काय सांगू तुमाला! सकाळी थवाच्या थवा उतरायलाय गच्चीवर. वीस-पंचवीस हायत. समदे हिरवे, समद्यांच्या चोची लाल. त्यातला आमचा कोणता, ते ओळखायचं कसं?"

"मग?"

"मंग काय! मी समद्यांलाच मिठू म्हणते. एकाला तरी बरोबर लागू पडतच असंल ना!"

•

मागच्या हिवाळ्यात सोनपेठ तालुक्यातल्या एका खेड्यातून मारोतराव नावाचे गृहस्थ आले. साठीचे, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. एसटीनं आले होते. मांडीवर बांबूची टोपली, वर बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. गर्दी होती. गफूरभाईंनी विचारलं, "मामा, पोपट हाय ना? जास्ती असंल तर आधी घेतो."

"घाई न्हाई," मारोतराव म्हणाले. "नंबरानंच येतो." वर मागून आलेल्या एका कुत्रेवाल्याला त्यांनी आपल्यापुढे सोडलं.

त्यांचा नंबर आला. टोपली टेबलावर ठेवून त्यांनी लुगड्याचा तुकडा बाजूला केला. पोपट कुशीवर पडला होता. पाय आखडलेले. मी हात लावला तर गार.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मेलाय. ठावं हाय मला. अर्ध्या वाटंतच मान टाकली त्यानं. मांडीवर व्हता, कळलं मला."

"मग मामा, तिथूनच परत नाही का फिरलात?"

"बायकोनं सांगितलं व्हतं, डॉक्टरला दाखवून आणा. तिला गुडघ्यानं एसटीत चढता येत न्हाई, न्हाई तर तीच आली असती. वादळात झाडाखाली पडला व्हता हा. पिसं बी न्हवती. तिनं कापसाच्या बोळ्यानं पाजून जगवला. तिला काय सांगू, दाखवलाच न्हाई म्हणून?"

मी गफूरभाईंकडे पाहिलं. त्यांनी टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला, नेहमी अंथरतात तसा. दोन्ही हातांनी पोपट उचलून त्यावर ठेवला. मी स्टेथोस्कोप लावला. डोळे बघितले. पंख उघडून बघितले, पोट चाचपलं. एकही गोष्ट सोडली नाही. मारोतराव टोपी हातात घेऊन उभे होते.

तपासून झालं, तोच त्यांच्या खिशातला फोन वाजला. ते त्याच्याकडे नुसतं बघत राहिले. वाजून थांबला. परत वाजला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"तुमीच सांगा बाई. मला जमंना."

मी फोन घेतला. सांगितलं की मी डॉक्टर बोलतेय, मी स्वतः तपासलं, पण फार उशीर झाला होता, राघू गेला. पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या. मग त्यांच्या बायकोनं विचारलं,

"शेवटाला काही बोल्ला का वो?"

फोनचा आवाज मोठा होता. मारोतरावांना ऐकू गेलं. त्यांनी खाली बघतच हळूच सांगितलं, "घरी एकच बोलायचा. 'च्या दे.'"

"हो," मी फोनवर म्हणाले. "च्या दे, म्हणाला."

"मंग दिला का?"

पोपटाला चहा पाजू नका, हे मी रोज लोकांना सांगते. गफूरभाई माझ्याकडे बघत होते.

"दिला," मी म्हणाले. "बशीत ओतून दिला."

"गोड केला व्हता ना?" बाई म्हणाल्या. "त्याला साखर लय लागती."