आईची हाक आणि रिकामा लॉग

आई गेली तेव्हा तिचे आवाजातले निरोप माझ्या फोनमध्ये राहिले. तिला टाइप करता यायचं नाही, म्हणून कान्हे गावातल्या घरातून ती मला बोलूनच सगळं कळवायची. ते निरोप मी आधी माझ्या वडिलांना, आबांना, व्हॉट्सॲपवर पाठवले होते, पण सुप्रभातच्या फुलांच्या ढिगाऱ्यात त्यांना ते सापडेनात. माझं पोटापाण्याचं काम सर्व्हर सांभाळायचं. म्हणून मग मी एक छोटं पान तयार केलं, निरोप त्यावर ठेवले आणि पान उघडायचं बटण आबांच्या फोनवर आणून दिलं.

"ऐकता का आबा?" मी एकदा विचारलं.

"न्हाई ब्वा. ऐकून काय मानूस परत येतंय व्हय?"

आबा रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासण्यात जन्म गेला, बोलण्याचा सराव कधी झालाच नाही. विहारात आईच्या पुण्यानुमोदनाला सगळे तिच्याबद्दल बोलले, हे सतरंज्या उचलत राहिले. मला फार राग आला होता तेव्हा.

पण कुणी पान उघडलं की सर्व्हर एका फाइलीत ओळ लिहितो, कुठल्या फोनवरून काय मागितलं आणि किती वाजता. तिला आम्ही लॉग म्हणतो. त्या लॉगमध्ये रोज सकाळी आबांच्या जुन्या फोनची ओळ असायची आणि निरोप नेहमी एकच. त्यात आई मला विचारते, "कामशेतला चाललेय, तुला इंद्रायणी तांदूळ आणू का गं?" आणि मधेच तोंड वळवून ओरडते, "आवं, च्या गार व्हतोय, या की!" निरोप माझा होता, हाक आबांना होती. मी ऑफिसात बसून ती ओळ बघायची आणि रडायची. त्यांना कधी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी ऐकणंच सोडलं असतं.

पुढे ते पान मी नव्या सर्व्हरवर हलवलं आणि पहिल्या दिवसानंतर आबांच्या ओळी बंद झाल्या. वाटलं, झालं. वर्षसुद्धा झालं नाही आणि विसरले. तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी फोन केला तर म्हणाले, "बरा हाय मी. मला काय धाड भरलीय?" मी फोन ठेवून दिला.

राग शांत झाल्यावर मी लॉगकडेच संशयाने बघायला लागले. डिस्क भरली का? लिहायची परवानगी गेली का? काहीच बिघडलेलं नव्हतं. मग माझ्या फोनवरून पान उघडलं, तर ओळ आली. पुन्हा उघडलं. आईचा आवाज आला, ओळ आली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नव्या सर्व्हरवर मी ऑफिसातलीच सेटिंग जशीच्या तशी उचलली होती. त्यात कॅशची ओळ होती. म्हणजे फोनने एकदा आणलेलं जवळ ठेवायचं आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारता तेच वाजवायचं. आबा रोज ऐकत होते. फक्त मला कळत नव्हतं.

मी ती सेटिंग काढली आणि उलटी घातली, की काही साठवायचं नाही, दर वेळी सर्व्हरकडेच मागायचं. घरी गेले तेव्हा आबांच्या फोनमधलं साठवलेलंही पुसून टाकलं. दुसऱ्या सकाळी ओळ आली. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला उगाच शिरा नेऊन दिला.

काही दिवसांनी सकाळी ओळ आली नाही. मी पुन्हा सेटिंग तपासत बसले होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात आबा. कान्ह्याहून लोकलने तळेगावला उतरून तिथून वराळ्यातल्या माझ्या घरापर्यंत चालत आलेले. अंगात घरातलाच सदरा.

"कुटं रस्ता खणताना वायर तोडली म्हनं. गावात रेंज न्हाई," ते म्हणाले. मग फोन माझ्यापुढे धरला. "आज तिनं हाकच मारली न्हाई. पयलं रेंज गेली तरी मारायची."

मी फोन हातात घेतला. आधी रेंज नसली तरी चालायचं, कारण आई त्यांच्या फोनमध्येच होती. लॉगमध्ये मला एक ओळ दिसावी म्हणून मी तिला तिथून काढली होती.

"चहा घेतला का आबा?"

"हाकेबिगर कसा घेनार?" ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं.

आधण ठेवून मी लॅपटॉप घेतला, आधीची कॅशची ओळ परत घातली. त्यांच्या फोनवर पान एकदा उघडलं, मग नेट बंद करून पुन्हा वाजवून बघितलं. आई ओरडली, "आवं, च्या गार व्हतोय, या की!"

"आलो," आबा म्हणाले. आणि उठून टेबलाशी येऊन बसले. मी कप पुढे सरकवला. माझ्याकडे न बघता त्यांनी चहा बशीत ओतला.

तेव्हापासून लॉगमध्ये त्यांची ओळ नाही. आता ती यायचीही नाही. एक दिवस ते ऐकायचे थांबतील, तेसुद्धा तिथून मला कळणार नाही, आणि याची मला फार भीती वाटते. म्हणून रोज सकाळी मी फोन करते.

"आबा, च्या घेतला का?"

"व्हय, घेतला."

एवढंच बोलतो आम्ही.