हंगेरीच्या तिकिटावरचं डाकोटा

एप्रिल २००४ मध्ये मी ईडन प्रेरीला मुलीकडे गेलो. मिनेसोटातलं बर्फ नुकतंच वितळलं होतं. सुनीता आणि जावई सकाळी कामाला जात. सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर होऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण सवय जात नाही. पहाटे उठणं, दाढी, चहा, चालणं.

"बाबा, इथे कोणी तुमची हजेरी घेत नाही," सुनीता म्हणायची. "झोपा जरा."

चालण्याच्या वाटेवर एक छोटा विमानतळ होता. तिथल्या एका हँगरमध्ये जुनी लष्करी विमानं ठेवली होती. काही म्हातारे स्वयंसेवक ती दुरुस्त करत, सणासुदीला उडवतही. एक दिवस हँगरचं दार उघडं होतं. आतल्या विमानाचं नाक बघूनच ओळखलं. डाकोटा. आमचं जुनं मालवाहू विमान. मी तिथेच थांबलो.

"आत या," आतून कोणीतरी म्हणालं.

तो लाझ्लो. सत्तरी ओलांडलेला, उंच, एका पायाने लंगडणारा. मूळचा हंगेरीचा. तरुणपणी तिथल्या सैन्यात विमानात माल चढवायचा. छप्पन्न साली रशियनांनी तिथला उठाव चिरडला तेव्हा देश सोडून अमेरिकेत आला. आम्हा दोघांचंही इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे गप्पा छान जमल्या. मीही कधीकाळी डाकोटाच्या दारात काम केलंय, एवढं त्याला सांगितलं.

त्याच्याकडे एक अल्बम होता. हंगेरीची पोस्टाची तिकिटं, सगळ्यांवर विमानं. पण अट एकच, विमान खरं हवं.

"हे बघ," एक तिकीट बाजूला सारत तो म्हणाला. "हे कधी उडलंच नाही. चित्रकाराने मनाने काढलंय. अशी मी ठेवत नाही."

अल्बममध्ये रशियन इल्युशिन विमानं होती, चौदा आणि अठरा नंबरची. इल्युशिन-१४ आमच्याकडेही होतं, ते मी ओळखलं. मग एका तिकिटावर मी बोट ठेवलं. "डाकोटा."

"नो, जादव." लाझ्लो हसला. जाधव म्हणणं त्याला जमत नसे. "लिसुनोव्ह, ली-टू. डाकोटाच, पण रशियात बनवलेलं. आमच्या विमानात माणसं उजवीकडून चढायची."

विमान ओळखण्यात मी हरलो. त्याने कॉफी दिली आणि विचारलं, "तुझं दार डावीकडे. तू त्या दारात काय करायचास?"

सैन्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ईशान्येकडच्या डोंगरांत आमच्या काही चौक्यांना रस्ता नव्हता. तांदूळ, पीठ, रॉकेल, सगळं विमानातून टाकावं लागे. विमान हवाई दलाचं, पण माल ढकलणारे आम्ही आर्मीचे. त्याला इजेक्शन क्रू म्हणत. मी तेव्हा नाईक होतो. हाताखाली तिघे जवान. दार काढून ठेवलेलं असायचं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी. हिरवा दिवा लागला की पोती ढकलायची, लाल लागला की थांबायचं. विमान वळून पुन्हा यायचं. रोजचं काम होतं.

त्या दिवशी ढग खाली होते. चौकीवरचं रेशन संपत आलं होतं. तिसऱ्या फेरीला दोन पोती दारात आडवी अडकली. लाल दिवा लागला. पुढे डोंगर होता, वर चढणं भाग होतं आणि सगळं वजन शेपटीकडे. विमान जड झाल्याचं पायांना कळत होतं.

हेडफोनमध्ये विमान चालवणारे कॅप्टनसाहेब म्हणाले, "दार मोकळं करा. लगेच."

सिपाही बबन शेळके सगळ्यात जवळ होता. त्याची दोरी पुरेना. त्याने दोरीचा हूक काढला, आडवा पडला आणि दोन्ही पायांनी लाथ मारली. पोती सुटली. विमान उजवीकडे आलेल्या कड्यापासून डावीकडे वळलं, आणि बबन दारातून गेला.

"मॅन आउट, सर," मी म्हणालो.

"से अगेन."

"मॅन आउट. शेळके."

 मग साहेबांनी विचारलं, "अजून माल किती?"

"अर्धा, सर."

"खाली लोक उपाशी आहेत. पूर्ण करायचं का?"

"येस सर."

आम्ही तिघांनी उरलेला माल टाकला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. चौकीच्या गस्तीला बबन दुसऱ्या दिवशी सापडला. त्याला तिथेच अग्नी दिला.

लाझ्लोने सगळं ऐकलं. अल्बम मिटला.  मी घरी गेलो.

मे महिन्यात तो म्हणाला, "मेमोरियल डेला आम्ही डाकोटातून तळ्यावर फुलं टाकतो. शहिदांसाठी. दारात मी असायचो, पण आता पाय ऐकत नाही. तू करशील?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने आग्रह केला नाही. पुढचे काही दिवस मी चालायला दुसऱ्या रस्त्याने गेलो. जेवण जाईना. सुनीताने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, मी ती कॅन्सल करायला लावली. मग एका सकाळी हँगरवर गेलो आणि सांगितलं, "करतो."

त्या दिवशी ऊन होतं. मी पट्टा बांधला, हूक दोनदा तपासला. विमान तळ्यावर आलं. दारातून वारा आला आणि मी अर्धं पाऊल मागे सरलो. मागून कोणीतरी माझा पट्टा घट्ट धरला. लाझ्लो होता. फरशीवर बसून, दुखरा पाय लांब करून, दोन्ही हातांनी धरला होता.

"आय हॅव यू," तो ओरडला. "गो!"

मी फुलांच्या टोपल्या रिकाम्या केल्या. विमान जमिनीवर टेकेपर्यंत त्याने पट्टा सोडला नाही.

नंतर हँगरसमोर माइकवरून नावं वाचली गेली. लाझ्लोच्या पाळीला त्याने आपल्या गेलेल्या दोन मित्रांची नावं घेतली. मग थांबून, अडखळत, पण नीट म्हणाला, "सिपाही बबन शेळके. इंडिया." लोकांनी टोप्या काढल्या होत्या. मी सॅल्यूट केला.

कार्यक्रमाला सुनीता आली होती, परतताना गाडी तीच ड्राइव्ह करत होती. मग म्हणाली, "बाबा, बबन शेळके कोण? घरात कधी हे नाव काढलं नाहीत."

मी तिला सांगितलं. बबन संगमनेरजवळचा. उंची बेताची, आवाज मोठा. आमच्या तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच, त्यामुळे मराठी ऐकायला मिळावी म्हणून तो माझ्याशी भांडण उकरून काढायचा. शेवटचं पोतं गेलं की दारात उभा राहून खालच्या चौकीला हात हलवायचा. खालून कोणाला दिसणार, असं मी त्याला नेहमी म्हणायचो.

पुढे कित्येक महिन्यांनी त्या चौकीवरचा एक हवालदार सुट्टीवर जाताना आमच्या तळावर उतरला. त्यानेच बबनला अग्नी दिला होता. मला शोधत आला आणि त्याने एवढंच विचारलं, "वो वही था ना, जो हाथ हिलाता था?"