पाटावरचं डिक्टेशन

नेकनूरच्या स्टँडवर मला एसटीत बसवताना अण्णा, म्हणजे माझे वडील, मेंढ्या हाकायच्या आवाजात ओरडले, "इंग्रजी पक्की कर. तिकडं तिच्याबिगर कुणी इचारीत न्हाई!" सगळा स्टँड वळून बघायला लागला. आई खिडकीची दांडी धरून एवढंच म्हणाली, "येळेवर जेवत जा." मी पुण्याला निघालो होतो, एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींना ईमेलने उत्तरं द्यायच्या नोकरीवर.

अण्णांचं म्हणणं खरं निघालं, याचाच मला राग येतो. आमची टीम लीडर माझे मेल मोठ्या स्क्रीनवर लावायची. सगळ्यांनी चहा पीत पीत चुका शोधायच्या. हवामानाचं वेदर आणि 'की नाही'चं वेदर, ऐकायला एकच, लिहायला वेगळं. गाडीचा ब्रेक लिहायचा तिथे मी मोडतोडीचा ब्रेक लिहिला होता. "बीड इंग्लिश," ती म्हणायची, आणि बाकीचे दात काढायचे. माझ्या 'हाय'चं 'आहे'ही तिथेच झालं. मग सुट्टीला गावी आलो आणि टपरीवर 'आहे' म्हणालो, तर तुम्ही मला धरलंत, "लई शाना झालास का बे?" गाववाल्यांनो, तुमच्यावरही माझा राग आहे.

ही स्पेलिंगची चूक कुठून आली, ते मला ठाऊक आहे. आमचे गुरुजी एक शब्द म्हणायचे आणि सगळा वर्ग तो ओरडायचा. ज्याचा आवाज मोठा तो हुशार. पाटी-पेन्सिलीला फारसं काम नसायचं. इंग्रजी आम्ही कानाने शिकलो, आणि सारख्या आवाजाचे शब्द कानाला वेगळे कसे कळणार? पुण्यात हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तेही त्यांनी स्क्रीनवर लावलं असतं.

यंदा रजा काढून घरी गेलो, ते रेखासाठी. ही माझी धाकटी बहीण, बी.ए. झालेली. तिला बघायला वडवणीची मंडळी आली होती. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. आमच्याकडे पूर्वी मुलीला चालून दाखवायला सांगत, आता इंग्रजी लिहायला सांगतात. मुलाचा चुलता तालुक्यातला पुढारी. त्याने खिशातलं पेन आणि कागद काढून पाटावर बसलेल्या रेखाच्या हातात दिला.

"आमचा पोरगा इंग्लिश शाळेवर सर हाय. तवा घ्या डिक्टेशन. वेदर. ब्रेक. प्रिन्सिपल."

रेखा मान खाली घालून लिहीत होती. लिहून झालं तसा चुलत्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "पुण्याचे सायेब, तुमीच तपासा. किती चुकलं ते मोठ्यानं सांगा."

घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं! त्यातून हा अजून व्याहीसुद्धा झाला नव्हता. कागदावर चुका होत्या, आणि त्या अगदी माझ्याच चुका होत्या. अण्णा डोळ्यांनी विनवत होते, सगळं बरोबर हाय म्हण, लग्न जमू दे. तेवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मग पुढे आयुष्यभर त्या घरात तिला कुणी ना कुणी तपासतच राहिलं असतं.

मी कागद उलटा ठेवला. "तपासणार न्हाई. दात बघायला ही बाजारातली मेंढी न्हाई."

मंडळी चहा न घेता उठली. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "जुळत आलेलं मोडलंस! हेच शिकाया गेलतास का पुण्याला?" आई पदराने डोळे पुसत होती. रेखा मागे जाऊन बश्या विसळायला बसली. मी जवळ गेलो, तेव्हा वर न बघता म्हणाली, "दादा, लई बरं केलंस."

त्या दिवसापासून अण्णा माझा फोन घेत नाहीत. दिवाळीला येऊ नको, असा निरोप त्यांनी आईकरवी धाडलाय. टपरीवर तुम्ही काय बोलता तेही रेखा कळवते: पुण्यात राहून पोरगं बिघडलं. पुण्यात म्हणतात, हा मुळातच बिघडलेला आलाय. घर कुठलं, असं आता कुणी विचारलं की मी गावाचं नाव घेत नाही. माझं घर एका रेखापुरतं उरलंय, आणि ती अजून तुमच्यातच राहते. अण्णा दारात अडवतील. अडवू देत. मी येतोय.